जुनी मोटारसायकल आणि तेलाचा थेंब

शाळा सोडून नोकरीस लागलेले आमचे माजी विद्यार्थी अधूनमधून भेटीस येतात. पगारातून शिल्लक टाकून जुनी मोटारसायकल घेण्याचा पुष्कळांचा बेत असतो, आणि त्यांचा प्रश्नही बहुधा एकच असतो: "सर, गाडी चांगली आहे, पण इंजिनाखाली थोडे तेल दिसते. घ्यावी की सोडावी?" या प्रश्नास एका शब्दात उत्तर देता येत नाही. थेंब केवढा आहे यापेक्षा तो कोठून आला व का आला, हे पाहावे लागते. ते कसे पाहावे, याचा येथे थोडा विचार करू.

प्रथम तेल गळते का, हे समजून घेतले पाहिजे. इंजिन हे अखंड नसते. त्याचे अनेक भाग बोल्टांनी एकत्र आवळलेले असून प्रत्येक जोडात कागदाचे अथवा बुचाचे पॅकिंग असते. जेथे फिरता दांडा बाहेर येतो, तेथे रबराचे ऑइल सील असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने पॅकिंग कडक होते व सीलची धार झिजते. गाडी पुष्कळ दिवस उभी राहिली तर रबर वाळूनही कडक होते.

उदाहरणार्थ, जुनी बुलेट घ्या. १९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली, आणि तिच्या ३५० सी.सी. बुलेटचे जुन्या पद्धतीचे इंजिन अनेक दशके आपल्या रस्त्यांवर धावले. त्यातील ब्लॉक बिडाचा, तर हेड व खालचा भाग अॅल्युमिनियमचा. तापल्यावर हे दोन धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे जोडास सतत ताण बसतो. अशा इंजिनाच्या जोडावर किंचित ओल आली तर आश्चर्य मानू नये. शिवाय ही गाडी काही आठवडे उभी राहिली, की तेल पंपातून हळूहळू पाझरून क्रँकच्या कप्प्यात उतरते, आणि सुरू करताच ब्रीदर पाइपातून बाहेर फेकले जाते. नवा मालक घाबरतो. वास्तविक त्यात मोडतोड काहीच झालेली नसते.

गळतीचे आम्ही तीन प्रकार मानितो. जोडावर धूळ चिकटून काळसर थर बसला असेल, परंतु खाली काही पडत नसेल, तर ती ओल होय. रात्रभरात एकदोन ठिपके पडले, तर तो थेंब. चालू इंजिनातून तेल वाहताना दिसले, तर ती धार. ओल बहुधा सोसता येते. थेंबाचा शोध घ्यावा. धार असेल तर दुरुस्ती झाल्यावाचून गाडीवर बसू नये.

शोध घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेल खाली उतरते, आणि गाडी चालू असता वारा त्यास मागे ढकलतो. यास्तव जेथे थेंब दिसतो, त्याच्या वर व पुढे त्याचा उगम असण्याचा संभव असतो. थंड इंजिन कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावे आणि संशयित जोडावर खडूची बारीक पूड लावावी. मग पंधरा मिनिटे गाडी चालवून आणावी. जेथून तेल येत असेल, तेथे पुढच्या बाजूस पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते. नंतर गाडी वर्तमानपत्रावर उभी करून सकाळी ठिपके पाहावेत.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग थोड्या श्रमात बदलते. खालच्या दोन कवचांमधील पॅकिंग बदलण्यास मात्र सारे इंजिन उतरवून उघडावे लागते. पॅकिंगची किंमत दोन्हीकडे अल्पच. मजुरी मात्र फार निराळी. म्हणून किंमत ठरविताना "तेल गळते" एवढेच न म्हणता कोठून गळते, हे सांगता आले पाहिजे.

काही गळती लहान दिसल्या तरी घातक असतात. पुढील शॉकअपच्या सीलमधून उतरलेले तेल ब्रेकपर्यंत पोचू शकते. ड्रेन बोल्टाचे आटे गेले असतील तर बोल्ट वाटेत निसटून इंजिन कोरडे पडण्याची भीती असते. आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर आतला दाब वाढून तो प्रत्येक जोडातून तेल बाहेर लोटतो. तेथे नवे पॅकिंग घालून काय उपयोग? सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल व तेलाची पातळी वरचेवर उतरत असेल, तर रोग आत आहे असे समजावे.

हे ज्ञान आम्हांस फुकट मिळाले नाही. अनेक वर्षांपूर्वी आम्हीही एक जुनी गाडी घेतली. इंजिन आरशासारखे लखलखीत होते, आणि मालक किती टापटिपीचा, म्हणून आम्ही त्याची स्तुतीही केली. तिसऱ्या दिवशी खंबाटकीच्या घाटात एका वळणावर मागचे चाक घसरले. सुदैवाने मागून वाहन येत नव्हते. मेकॅनिकने पाहिले तो लहान स्प्रॉकेटच्या मागील सील फाटलेले, त्यातील तेल चेनवरून टायरवर आलेले, आणि कवचास गेलेला तडा चिकट मसाल्याने बुजविलेला! गाडी विक्रीच्या आदल्याच दिवशी डिझेलने धुतलेली होती. कन्येच्या फीसाठी बाजूस ठेविलेले पैसे त्या दुरुस्तीत गेले, ही गोष्ट घरी सांगताना आम्हांस गुडघ्याच्या जखमेहून अधिक दुःख झाले.

तेव्हापासून आम्ही सांगतो, की गाडी पाहण्यास जाण्यापूर्वी "धुऊ नका, सुरूही करून ठेवू नका" असे मालकास कळवावे. जोडांभोवती ताजा मसाला, वेल्डिंगची खूण अथवा अकारण चकाकी दिसल्यास कारण विचारावे. आपला मेकॅनिक बरोबर न्यावा, विकणाऱ्याचा नव्हे. जो मालक आपण होऊन "येथे ओल येते, पॅकिंग घालावे लागेल" असे सांगतो, त्याची तेलकट गाडी लखलखीत गाडीहून पुष्कळदा बरी निघते.

विद्यार्थिमित्रहो, गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून मिळत नाही; तोवर चालविण्याची घाई करू नका. परंतु वडील गाडी घेण्यास निघाले, तर खिशात खडूचा तुकडा घेऊन त्यांजबरोबर अवश्य जा.