पिकअपचा टर्बो : बिघाडाचीं लक्षणें व निगा

शिरूर व दौंड तालुक्यांतील कांदा-भाजीपाला पुण्यास गुलटेकडीच्या बाजारांत नेण्यास पिकअप मोटार फार उपयोगी पडते. मात्र तिची ओढ कमी होतांच ‘टर्बो गेला’ असें ठरवून तो बदलूं नये. मूळ दोष तसाच राहिल्यास नवा टर्बोही लवकरच निकामी होतो व खर्च दुप्पट पडतो.

टर्बोंत इंजिनाच्या धुरानें एक चक्र फिरतें. त्याच दांड्यावरील दुसरें चक्र इंजिनांत जादा हवा दाबून भरतें. हा दांडा मिनिटास १ लाखाहून अधिक फेरे घेतो व इंजिनाच्याच तेलावर तरतो.

काळा धूर व शीळेसारखा आवाज येत असल्यास प्रथम हवेच्या रबरी नळ्या व त्यांच्या क्लिपा तपासाव्या. पुष्कळदां दोष तेथेंच सांपडतो. निळा धूर तेल जळत असल्याची खूण होय. इंजिन बंद व थंड असतां हवेची नळी काढून दांडा बोटांनीं हलवावा. किंचित् आडवा हालल्यास चिंता नाहीं. पुढेंमागें सरकत असल्यास अथवा पातीं कवचास घासत असल्यास गाडी न रेटतां कारागिराकडे न्यावी.

उसाच्या धुळकट वाटांवर हवेचा फिल्टर वरचेवर पाहावा. तेल कंपनीनें सांगितलेल्याच प्रतीचें घालून मुदतींत बदलावें. गाडी सुरू करतांच ती जोरानें पळवूं नये. भरल्या ओझ्यानें आल्यावर मिनिटभर इंजिन सावकाश चालूं देऊन मग बंद करावें. गाडी चालक हांकीत असल्यास त्यासही हे नियम समजावून द्यावे.