आधी गाव, मग साल, नाव शेवटी

जबलपूर जिल्ह्यातल्या पाटनला जमीन आणि राहणं नागपूर-पुण्याला, अशा मराठी घरांत एक प्रश्न पिढीगणिक एकदा तरी उभा राहतो. आजोबा जाऊन साठ वर्षं झाली, खसऱ्यावर, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यावर, नाव मात्र अजून त्यांचंच. जमीन विकायची असो की भावाभावांत वाटायची, पटवारी पहिला कागद मागतो तो मृत्यू प्रमाणपत्राचा. मग घरातला एखादा भाचा नागपूर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात रांग लावतो, कारण आजोबा ‘नागपूरचे’. तिथे नोंद सापडत नाही आणि सापडणारही नाही. माणूस कुठला होता, मतदार कुठे होता, घर कुठे होतं, याच्याशी या नोंदीचा संबंध नाही. तो कुठे वारला, एवढंच ती विचारते.

जन्म आणि मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा. बहुतेक राज्यांत तो १९७० पासून अमलात आला. त्याची सगळी मांडणी घटनेच्या जागेवर उभी आहे: मृत्यू ज्या हद्दीत झाला, त्या हद्दीच्या निबंधकाकडे नोंद. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ज्याचं नाव जबलपूरशी कायमचं जोडलं गेलं, तो विल्यम स्लीमन १८५६ मध्ये मायदेशी परतताना श्रीलंकेजवळ जहाजावर वारला आणि समुद्रातच त्याचा दफनविधी झाला. त्याच्या नावाचं स्लीमनाबाद हे गाव आजही आहे, पण त्याच्या मृत्यूची नोंद तिथे शोधणारा हात हलवत परत येईल. आपल्या आजोबांचीही तीच गत.

पाटनच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. साताऱ्यातलं कोयनेकाठचं पाटण, गुजरातेतलं पाटण, राजस्थानातलं केशवराय पाटण आणि हे हिरन नदीच्या बाजूचं, मटारासाठी ओळखलं जाणारं जबलपूरचं पाटन. अर्जावर नुसतं ‘पाटन’ लिहून टपालाने पाठवलं तर तो कागद कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही. तहसील पाटन, जिल्हा जबलपूर, मध्य प्रदेश असं पूर्ण लिहावं. शिवाय जुन्या कागदांवरचा ‘जबलपूर जिल्हा’ आजच्यापेक्षा बराच मोठा होता. कटनी १९९८ मध्ये वेगळा झाला. म्हणून कागदावर जबलपूर दिसलं तरी गाव आज कोणत्या जिल्ह्यात आहे ते आधी पाहावं.

आता पाटनमध्ये तरी नेमकं कोणत्या दारात जायचं? गावाच्या हद्दीत, राहत्या घरी मृत्यू झाला असेल तर नगर परिषद. आसपासच्या खेड्यात झाला असेल तर ग्रामपंचायतीचा सचिव, कारण खेड्यांत निबंधकाचं काम त्याच्याकडे असतं. पण खरी गफलत तिसऱ्या प्रकारात होते. पाटनला दुखणं वाढलं की माणसाला गाडीत घालून जबलपूरला नेतात, मेडिकल कॉलेजला किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात. तिथे प्राण गेला तर देह पाटनला आणला, अग्नी पाटनला दिला, तेरावं पाटनला झालं, तरी नोंद जबलपूरची. सरकारी रुग्णालयात बहुधा तिथलाच निबंधक असतो. खासगी दवाखान्यातली माहिती महापालिकेकडे जाते. ‘आजोबा पाटनला गेले’ असं घरात चाळीस वर्षं बोललं जातं, कारण सगळ्यांच्या आठवणीत स्मशान असतं, दवाखान्याची खाट नसते. म्हणून शोध सुरू करण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारावं, ‘शेवटचं पाणी कुणी पाजलं?’ पाणी पाजणारं माणूस सापडलं की ठिकाण सापडतं.

१९७० च्या आधीची गोष्ट वेगळी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. जुन्या मध्य प्रांतात खेड्यातला जन्म-मृत्यू कळवण्याचं काम कोतवाराचं. हा गावचा चौकीदार, बहुधा निरक्षर. वही काखेत मारून तो ठाण्यावर जायचा, तोंडी सांगायचा आणि मुन्शी लिहून घ्यायचा. स्वातंत्र्यानंतरही खेड्यांतली नोंदणी बराच काळ पोलीस ठाण्याशी जोडलेली राहिली. त्यामुळे पंचायतीत ‘हमारे पास इतना पुराना नहीं है’ असं उत्तर मिळालं तर ते खरंच असतं. टाळाटाळ समजून भांडू नये. पुढचा रस्ता जिल्ह्याचा. मध्य प्रदेशात जिल्हा योजना आणि सांख्यिकी अधिकारी हाच जन्म-मृत्यूचा जिल्हा रजिस्ट्रार असतो, आणि जुन्या महसुली कागदांसाठी कलेक्टर कचेरीचं अभिलेखागार आणि नकल शाखा.

विदर्भातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल; कोतवार म्हणजे तिथला कोतवाल. ‘कोतवाल बुकाची नक्कल’ हा शब्द तिकडे जातपडताळणीच्या प्रत्येक फाईलमध्ये असतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या, मोडी जाणणाऱ्यांकडून वाचून घ्याव्या लागल्या. पाटनकडच्या वह्यांत मोडीऐवजी हिंदीची सवय लागते, एवढाच फरक.

ही वही उघडली की पहिला धक्का बसतो तो असा, की ती नावाच्या अक्षरानुक्रमाने लावलेलीच नसते. खबर जशी आली तशी नोंद, ओळीखाली ओळ. म्हणून नाव ठाऊक असून फारसा उपयोग नाही. साल हवं, जमलं तर महिना हवा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वारलेल्या माणसाची खबर जानेवारीत आली असेल तर तो पुढच्या सालच्या वहीत भेटतो. शोधाचं शुल्क सालागणिक लागतं, पण अशा वेळी दोन सालं मागावीत, हात आखडू नये.

साल पक्कं करायला सरकारी वहीपेक्षा घरचीच साधनं बरी. जमिनीवर वारसांची नावं चढवण्याला पाटनकडे ‘फौती’ म्हणतात, आपल्याकडची वारस नोंद. आजोबांच्या नाही, पण त्यांच्या थोरल्या भावाच्या नावाची फौती झाली असेल तर नामांतरणाच्या पंजीत, म्हणजे फेरफाराच्या वहीत, सालाचा धागा मिळतो. रक्षाविसर्जनाला कुणी नाशिकला गेलं असेल तर क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळीत कोण, कधी, कुणासाठी आलं ते लिहिलेलं असतं. जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेत सोडलं असेल तर मात्र अशी वही मिळेल याचा भरवसा धरू नये.

आणि साल कळलं, वही मिळाली, तरी नाव ओळखू आलं पाहिजे. मराठी माणूस स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव अशा तीन पायऱ्यांत स्वतःला सांगतो. हिंदी मुन्शीने ऐकलं ‘गणपतराव’, लिहिलं ‘गनपत राव’, आणि राव हेच आडनाव ठरलं. कुळकर्ण्यांचे कुलकर्णी होणं तर किरकोळ. बायकांचं त्याहून कठीण. ‘बेवा रघुनाथ’, ‘जौजे सखाराम’ असं नवऱ्याच्या नावावर बाई संपते. तान्ह्या पोराच्या जागी नुसतं ‘लड़की’. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यावर तर विसंबूच नये. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे देशात सर्वाधिक होरपळलेल्या भागांत होते. त्या काळच्या नोंदींत बहुतेक मृत्यू नुसत्या ‘ताप’ या सदरात पडले, आणि गावंच्या गावं आजारी असताना खबर द्यायला जाणारेही अंथरुणाला खिळले.

अर्ज करणं मात्र वाटतं तितकं अवघड नाही. १९६९ च्या कायद्याचं १७ वं कलम सांगतं की कुणीही व्यक्ती शुल्क भरून नोंदीचा शोध मागू शकते आणि उतारा घेऊ शकते. वारस असल्याचं सिद्ध करा असं ते म्हणत नाही, तरी टेबलावरचा माणूस ओळखपत्र आणि नातं विचारतोच, तेव्हा ते बरोबर असावं. त्याच कलमात एक अट आहे: मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही. विमा कंपनीला कारण हवं असेल तर रुग्णालयाचा कारणाचा दाखला वेगळा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीने त्याची प्रत जवळच्या नातेवाईकाला देणं रुग्णालयांवर बंधनकारक केलं, हे अनेकांना ठाऊक नसतं आणि दवाखानेही आपणहून सांगतातच असं नाही. अर्ज लोकसेवा केंद्रातून करता आला तर तसाच करावा. सेवेची हमी देणारा कायदा देशात पहिल्यांदा मध्य प्रदेशानेच २०१० मध्ये केला. हातात तारीख घातलेली पावती आली की पुढचं बोलणं सोपं जातं.

शोध घेऊनही नोंद नसेल तर चुकचुकत परत येऊ नये. ‘नाही’ हेही लेखी मागावं. त्याला नमुना १० आहे, अप्राप्यता प्रमाणपत्र. त्याच्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची असते, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागतं, वर्षाच्या आत असेल तर ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. हे काम पूर्वी प्रथमवर्ग किंवा प्रेसिडेन्सी दंडाधिकाऱ्याकडे होतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी ते पाहतो. शपथपत्र, शेजाऱ्यांचा पंचनामा, पटवारी-कोतवाराचं म्हणणं, जे जमेल ते जोडावं. असं मिळालेलं प्रमाणपत्र नीट पाहिलं तर त्यावर मृत्यूची तारीख १९६१ ची आणि नोंदणीची तारीख कालपरवाची दिसते. ते बनावट नाही, कायद्याने तसंच असायला हवं.

वारसांपैकी एखादा अमेरिकेत वारला असेल तर हीच कहाणी उलटी चालते. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात मृत्यूचा दाखला काउंटीच्या कचेरीत मिळतो, आणि तो दोन जातींचा: जवळच्यांना मिळणारी अधिकृत प्रत आणि कुणालाही मिळणारी, ओळख सिद्ध करायला न चालणारी माहितीपुरती प्रत. पाटनच्या तहसिलीत दुसरी दाखवून काम होणार नाही. पहिली घ्यावी आणि तिच्यावर त्या राज्याचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा दाखला, करून आणावा. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे.

प्रमाणपत्र हातात पडलं की कचेरीच्या पायऱ्या उतरण्याआधी वाचावं. चूक असेल तर १५ व्या कलमाखाली दुरुस्ती मागता येते, आणि निबंधक मूळ नोंद खोडत नाही. बाजूच्या समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख घालतो. ‘गनपत राव’ तसाच राहतो, शेजारी गणपत रघुनाथ कुळकर्णी येतो. खसऱ्यावरचं नाव याच दुसऱ्या ओळीशी जुळलं पाहिजे, एक काना-मात्रा इकडेतिकडे नको, नाहीतर पटवारी फौतीचा अर्ज आल्या पावली परत करतो.