साखर टाका, झाकण लावा, वाट बघा!

बीअरचा ग्लास समोर आला की आपण आधी काय बघतो? फेस! फेस नसेल तर ती बीअर कसली, ते नुसतं कडू औषध. पण हा फेस येतो कुठून, हा प्रश्न मला पुण्यात कधी पडला नव्हता. तो पडला इंग्लंडमध्ये, लीड्सला. माझ्या मावसभावाच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात २३ लिटरचं, म्हणजे ४० पाइंटचं प्लॅस्टिकचं पिंप ठेवलेलं असतं. वहिनी त्याला सरळ ‘माझी सवत’ म्हणते.

दादा आयटीवाला, पण वीकएंडला पक्का ब्रूअर. तिकडे हा छंद अगदी कॉमन आहे. १८८० पासून घरच्या बीअरसाठी लायसन्स लागायचं. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी ती भानगड संपवली. आता बनवा, प्या, मित्रांना पाजा. फक्त विकायची नाही.

माल्टचं गोड पाणी, हॉप्स आणि यीस्ट. आठ-दहा दिवसांत यीस्ट साखर फस्त करतं, अल्कोहोल तयार होतं आणि सोबत कार्बन डायऑक्साइड. पण यातला बराचसा गॅस बुडबुड करत उडून जातो. हातात उरते ती गॅस गेलेल्या कोल्ड्रिंकसारखी बीअर.

आता दोन रस्ते. एक आपल्या गोटी सोड्याचा : सिलिंडर आणा, गॅस दाबून भरा. चटकन काम, पण सिलिंडर, रेग्युलेटर, नळ्या असा सगळा संसार मांडावा लागतो. दुसरा रस्ता दादाचा : साखर! बीअर पिंपात ओतायची, थोड्या पाण्यात उकळून घेतलेली साखर घालायची आणि झाकण घट्ट लावायचं. बीअर दिसायला नितळ असली तरी तिच्यात यीस्ट शिल्लक असतंच. ते पुन्हा जेवायला बसतं. साखरेच्या साधारण निम्म्या वजनाचा गॅस होतो, निम्म्याचं अल्कोहोल. गॅसला आता पळायला वाट नाही, मग तो गुपचूप बीअरमध्ये विरघळतो. (आणि नाही, यामुळे जास्त चढत नाही. अल्कोहोल जेमतेम पाव टक्क्याने वाढतं.)

किती साखर? आख्ख्या पिंपाला साधारण ८५ ग्रॅम! मला वाटलं, दादा कंजुषी करतोय. चहात आपण याहून जास्त घालतो. पण बाटल्या भरायच्या असतील तर एवढ्याच बीअरला १२०-१४० ग्रॅम लागते. प्लॅस्टिकचं पिंप बाटलीइतकं प्रेशर सोसत नाही. हात सैल सोडलात तर जादा गॅस झाकणाच्या व्हॉल्व्हमधून निघून जातो आणि पहिले काही ग्लास नुसता फेस.

दादाच्या पहिल्या पिंपाची कथा मात्र उलटी झाली होती. तीन आठवडे वाट बघून नळ उघडला, तर बीअर पाण्यासारखी सपाट. चाळीसच्या चाळीस पाइंट! साखर बरोबर, यीस्ट ठणठणीत. झाकणाच्या रबरी रिंगमधून गॅस हळूहळू निसटत होता. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली खरी गोम ती रिंगच. साखरेवर सगळे तावातावाने बोलतात, रिंगकडे कोणी बघत नाही. आता दादा रिंगला व्हॅसलीन लावतो आणि झाकणाच्या कडेने साबणाचं पाणी. आपला सिलिंडरवाला लावतो ना, अगदी तसंच! बुडबुडा दिसला की झाकण पुन्हा बसवायचं.

या वेळी टेन्शन मोठं होतं. शनिवारी ऑफिसमधला एक सीनिअर गोरा येणार होता, आणि तो ‘कॅमरा’चा मेंबर. फोटोवाला कॅमेरा नव्हे हं! कॅमरा म्हणजे १९७१ मध्ये सुरू झालेली खऱ्या एलसाठीची चळवळ. त्यांच्या हिशेबात खरी एल तीच, जी ज्या पिंपातून वाढली जाते त्याच पिंपात पुन्हा आंबते, आणि जिला बाहेरचा गॅस लावलेला नसतो.

पिंप एक आठवडा घरात ऊबेला, साधारण २० डिग्रीला ठेवलं होतं, मग दोन आठवडे थंड गॅरेजमध्ये. थंडीत गॅस जास्त विरघळतो आणि गाळही तळाशी बसतो. ‘‘अगं, मध्येच उघडून बघू नकोस!’’ हे दादाने मला रोज बजावलं.

शनिवारी नळ फिरवला. पहिला अर्धा ग्लास गढूळ, तो सिंकमध्ये. दुसरा तांबूस, नितळ, वर बोटभर फेस. आपल्या लागरसारखी नाकात जाणारी झिणझिण नाही, जिभेवर मऊ. पाहुण्याने एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि न बोलता ग्लास पुन्हा नळाखाली धरला. दादाचा चेहरा बघण्यासारखा होता. वहिनीचासुद्धा!

आता ‘मीपण करणार’ म्हणणाऱ्यांसाठी : महाराष्ट्रात नको. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार इथे लायसन्सशिवाय घरी बीअर बनवणं गुन्हा आहे. ताजी बीअर चाखायचीच तर मायक्रोब्रूअरी गाठा. पुण्यात ‘डूलाली’ २००९ मध्ये सुरू झाली, त्यानंतर ऑप्शन्स बरेच वाढलेत.

लीड्सचं ते पिंप मात्र शनिवारी संपलं नाही. बीअर काढाल तसं आतलं प्रेशर कमी होतं आणि मग नळ रुसतो. तेव्हा झाकणातल्या व्हॉल्व्हला गॅसची छोटी कुपी लावून धक्का द्यावा लागतो. कॅमराच्या कानावर घालू नका! तळाची गाळवाली बीअर दादा वाटीत भरून बागेत ठेवतो. वासाने गोगलगायी येतात, वाटीत पडतात आणि वहिनीचा पालक वाचतो.