पपईवरचा पिठ्या ढेकूण

परसातल्या पपईच्या पानामागे किंवा जास्वंदीच्या शेंड्यावर कापूस चिकटल्यासारखे पांढरे पुंजके दिसले की पुष्कळजण ती बुरशी समजतात. वास्तविक ती रस शोषणारी कीड असते. शेतकऱ्यांनी तिला दिलेले ‘पिठ्या ढेकूण’ हे नाव मला पुस्तकी नावांपेक्षा अधिक नेमके वाटते.

पिठ्या ढेकणाच्या पुष्कळ जाती आपल्याकडे आहेत. पपईवरची ही जात मात्र मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेकडची. तिची ओळख सोपी आहे. अल्कोहोलच्या कुपीत टाकली की ही पिवळसर कीड काळी पडते. भारतात ती प्रथम २००८ साली कोइमतूरला आढळली आणि तामिळनाडूत पपई, टॅपिओका, तुती यांचे तिने अतोनात नुकसान केले. पुढे ती कर्नाटक-महाराष्ट्रातही पोहोचली.

फवारे पुष्कळ मारले गेले, पण उपयोग बेताचाच झाला. किडीच्या अंगावर मेणाचा थर असतो आणि अंडी कापसासारख्या पिशवीत सुरक्षित राहतात. शेत फवारावे, तर बांधावरच्या गाजरगवतावर तीच कीड सुखाने नांदत असते. (हे गवतही अमेरिकेचेच!) तुतीवर विष मारावे, तर पाला खाणारे रेशीमकिडेच मरायचे.

मायदेशी या किडीला तिचे शत्रू आवरून धरतात. इकडे येताना ती एकटीच आली. म्हणून २०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्टो रिकोहून तीन जातींच्या चिमुकल्या गांधीलमाश्या मागवल्या. आणलेला पाहुणाच उद्या उपद्रवी ठरू नये म्हणून त्या आधी तपासल्या आणि मगच सोडल्या. त्यांतली ‘असेरोफॅगस पपाये’ ही जात उत्तम रुजली. ती लांबीला मिलिमीटरभरही नसते. तिची मादी ढेकणाच्या पिल्लाच्या अंगात अंडे घालते, अळी आतून त्याला खाऊन टाकते आणि मागे फुगलेले, कडक, तपकिरी टरफल उरते. काही महिन्यांतच कीड आटोक्यात आली.

या माशीला आपली कीटकनाशके मात्र सोसत नाहीत. तेव्हा पंपाला हात घालण्यापूर्वी पुंजका भिंगाखाली धरून पाहावा. टरफलांना वाटोळी भोके दिसली, तर माशी येऊन कामाला लागली आहे असे समजावे आणि औषध मारू नये. फार बरबटलेला शेंडा तेवढा छाटावा, बाकीच्यावर पाण्याची जोरदार धार सोडावी. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर ती आधी तोडावी. चिकट गोड स्रावाच्या लोभाने त्या ढेकणांची राखण करतात आणि माशीला जवळ फिरकू देत नाहीत.