भाषांतर झाले, बाजार कळला नाही!

संकेतस्थळाला ना पासपोर्ट लागतो, ना व्हिसा. एकदा ते सुरू झाले, की जगात जवळपास कुठूनही उघडते. त्यामुळे परदेशात व्यवसाय वाढवायचा म्हणजे मजकुराचे भाषांतर करायचे आणि किमती तेथील चलनात दाखवायच्या, असा अनेक उद्योजकांचा समज असतो. हा समज किती महागात पडतो, याचा धडा ‘ईबे’ या बलाढ्य अमेरिकी कंपनीने एकदा नव्हे, दोनदा गिरवला आहे.

ऑनलाइन लिलावाचा हा व्यवसाय घेऊन ‘ईबे’ २००० मध्ये जपानमध्ये उतरली. मात्र ‘याहू जपान’ची लिलावसेवा १९९९ मध्येच तेथे सुरू झाली होती आणि सुरुवातीला ती मोफत होती. उलट ‘ईबे’ने शुल्क आकारले आणि नोंदणीसाठी क्रेडिट कार्डाची अट घातली. रोखीच्या व्यवहारांची सवय असलेल्या जपानी ग्राहकाला ही अट जाचक वाटली. २००२ मध्ये कंपनीने जपानमधून काढता पाय घेतला.

त्याच वर्षी कंपनीने चीनमधील ‘ईचनेट’ या संकेतस्थळात भागीदारी घेतली आणि २००३ मध्ये ते पूर्णपणे ताब्यात घेतले. चालता व्यवसाय, स्थानिक माणसे, ओळखीचे नाव असे सारे काही हाती होते. परंतु २००४ मध्ये हे संकेतस्थळ कंपनीच्या जागतिक यंत्रणेला जोडण्यात आले. सर्व्हर देशाबाहेर गेल्याने पाने संथ उघडू लागली आणि स्थानिक बदलांसाठीही अमेरिकेकडे पाहावे लागले. दरम्यान, २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘ताओबाओ’ने विक्रेत्यांकडून शुल्क घेतले नाही. खरेदीदाराला विक्रेत्याशी थेट गप्पा मारून घासाघीस करण्याची सोय दिली. माल हाती पडेपर्यंत पैसे मध्यस्थाकडे ठेवणारी ‘अलीपे’ सेवाही आणली. अनोळखी विक्रेत्याविषयीची धास्ती त्यामुळे कमी झाली. अखेर डिसेंबर २००६ मध्ये ‘ईबे’ने चीनमधील आपले स्वतंत्र संकेतस्थळ बंद करून ‘टॉम ऑनलाइन’ या स्थानिक कंपनीशी हातमिळवणी करण्याचे जाहीर केले.

या दोन्ही ठिकाणी उणीव भाषेची नव्हती, ती व्यवहाराच्या रीतीची होती. लहान व्यावसायिकांचेही नेमके येथेच चुकते. पिनकोड भरल्याशिवाय पुढे न सरकणारा अर्ज दुबईच्या ग्राहकाला अडवतो. कारण संयुक्त अरब अमिरातीत पिनकोड पद्धतच नाही. ०३/०४ ही तारीख आपल्याकडे तीन एप्रिल, तर अमेरिकेत चार मार्च ठरते. जर्मनीत माल मिळाल्यावर बिल चुकते करण्याची पद्धत लोकप्रिय आहे. केवळ कार्ड स्वीकारणारे दुकान तेथे काही गिऱ्हाईक गमावते. अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे वाचला जात असल्याने पानाची मांडणीच उलटी करावी लागते. शिवाय, युरोपीय महासंघाचा माहिती संरक्षण कायदा मे २०१८ पासून लागू आहे. तेथील ग्राहकांना माल विकणाऱ्या परदेशी संकेतस्थळांनाही तो बंधनकारक असून, गंभीर उल्लंघनासाठी दोन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या चार टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा दंड होऊ शकतो.

उपाय फारसा खर्चिक नाही. एकाच वेळी दहा देशांत जाण्याऐवजी आधी एक देश निवडावा. तेथील चार-पाच जणांना संकेतस्थळावरून प्रत्यक्ष खरेदी करायला सांगावे आणि ते कोठे अडखळतात, हे शेजारी बसून पाहावे. परगावी दुकान थाटणारा व्यापारी आधी तेथील बाजारात फेरफटका मारतो. संकेतस्थळाच्या मालकालाही ही फेरी चुकवून चालणार नाही.