पायऱ्यांचा हिशेब

फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलच्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत. युरोपची सहल करून आलेला माणूस हा आकडा हमखास सांगतो, आणि सांगताना हात आपोआप गुडघ्यावर जातो. वणीकडच्या माणसाला त्याचं फारसं अप्रूप वाटत नाही. सप्तशृंगीच्या गडावरही देवळापर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. नेमक्या किती, यावर दोन भाविकांचं एकमत झालेलं मी तरी ऐकलेलं नाही. त्या उमाबाई दाभाडे यांनी बांधवल्या असं सांगतात. २०१८ साली ट्रॉली सुरू झाली आणि मोजणारेही कमी झाले.

पायऱ्यांपुरती बरोबरी झाली म्हणायची. चौकात आलं की मामला वेगळा. फ्लॉरेन्सच्या सिन्योरिया चौकात मायकेलअँजेलोचा डेव्हिड उभा आहे, उंची १७ फूट, अंगावर वीतभर कापड नाही. तोही नकली. अस्सल पुतळा ऊनपावसानं झिजायला लागला म्हणून १८७३ साली आत नेला. आमची आई आठ फुटांची, अठरा हातांची, थेट कड्यातच कोरलेली. तिला साडी लागते अकरा वार, आणि तिला आत कुठे नेणार? तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे लेप चढत गेले. २०२२ च्या पावसाळ्यात दर्शन बंद ठेवून ते उतरवले, तेव्हा बातम्यांत सुमारे ११०० किलोचा आकडा आला होता. रोज दहा ग्रॅम शेंदूर धरला, तर एवढा साठायला तीनशे वर्षं लागतात.

आता घुमट. ब्रुनेलेस्कीनं तो १४२० साली हाती घेतला आणि १४३६ साली पुरा केला. खालून लाकडी आधार न लावता चाळीस लाखांच्या वर विटा रचल्या. वजन ३७ हजार टन. (गडाच्या शिखराची उंची जुन्या गॅझेटियरात ४६५९ फूट दिली आहे, म्हणजे १४२० मीटर. योगायोगच, पण लक्षात ठेवायला सोपा.) माणसाच्या हातून झालेल्या कामांत हा घुमट फार वरचा, याबद्दल वाद नाही. पण गडावर आपण ज्या काळ्या दगडावर चप्पल काढतो, त्याच्याशी त्याची तुलना करून पाहा.

हा दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडून थिजलेला लाव्हा. एकावर एक थर. आज उरलेला पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या स्पेनएवढा. हा लाव्हा निदान ५ लाख घन किलोमीटर तरी असावा असा अंदाज आहे. आकडा डोक्यात शिरत नाही ना? मग जायकवाडी घ्या. काठोकाठ भरली तर तीन घन किलोमीटरला थोडंसं कमी पाणी मावतं, आणि तेवढ्यावरून नाशिक आणि मराठवाडा दर दुष्काळात एकमेकांकडे डोळे वटारतात. अशा सुमारे पावणेदोन लाख जायकवाड्या भरतील इतका हा लाव्हा.

घुमटांत मोजायचं तर एका घन किलोमीटर काळ्या दगडाचं वजन २९० कोटी टनांच्या घरात जातं. त्यात फ्लॉरेन्सचे ७८ हजार घुमट झाले. सगळ्याचा गुणाकार ३९०० कोटी घुमटांवर जातो. जगातल्या प्रत्येक माणसाला जवळपास पाच-पाच वाटता येतील. ठेवायचे कुठे, ते ज्याचं त्यानं बघावं.

वेळेचा हिशेब याहून अवघड. एक पायरी म्हणजे एक वर्ष असं धरून देवळाच्या दारातून खाली उतरायला लागा. पाचशे पायऱ्या संपतात तेव्हा आपण १५२५ च्या सुमाराला पोचलेले असतो, आणि घुमट पुरा झाल्याचं साल अजून नव्वदेक पायऱ्या खालीच असतं. लाव्ह्यापर्यंत उतरायचं तर ६ कोटी ६० लाख पायऱ्या. अर्ध्या फुटाची एक पायरी धरली तरी जिना दहा हजार किलोमीटर खोल जातो. पृथ्वीचं केंद्र ६,३७१ किलोमीटरवर आहे. म्हणजे केंद्र ओलांडून पलीकडे बरंच चालावं लागेल, आणि तिथे ट्रॉली नाही.

देवळासमोर मार्कंडेयाचा डोंगर आहे. सातमाळ्याच्या या रांगेत कठीण थराचा कडा टिकतो, मऊ थर झिजून उतार होतो, पुन्हा कडा, पुन्हा उतार. युरोपातल्या भूशास्त्रज्ञांनी अशा दगडाला ‘ट्रॅप’ म्हटलं, तेच नाव पुढे ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणून आपल्या पुस्तकांत आलं. शब्द मूळचा स्वीडिश, ‘ट्रापा’. त्याचा अर्थ पायऱ्या.