‘प्रोबायोटिक चालतं का?’ हा प्रश्न अर्धाच आहे

योनीमार्गाच्या संसर्गावर प्रोबायोटिकचा उपयोग होतो का, असा विषय घेऊन कुणी आलं की मी उलट विचारते: कुठला जिवाणू, कुठला संसर्ग, द्यायचा कुठून आणि तुलना कशाशी?

आपल्याकडे ‘अंगावरून पांढरं जातंय’ या एका वाक्यात दोनतीन वेगळे आजार येतात. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू घटतात, त्यांचं लॅक्टिक आम्ल कमी होतं, पीएच 4.5 च्या वर जातो आणि गार्डनेरेला वगैरे मंडळी फोफावतात. मेट्रोनिडॅझोलने बरं वाटतं, पण अनेकींना काही महिन्यांत त्रास परत सुरू. अशा वेळी हरवलेले जिवाणू परत नेऊन बसवावेत, ही कल्पना पटते. कँडिडा मात्र बुरशी. तिच्या संसर्गात पीएच बहुधा नॉर्मलच असतो, लॅक्टोबॅसिलसही जागेवर असू शकतात. मग परत काय बसवणार? 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत अँटिबायोटिक घेणाऱ्या स्त्रियांना लॅक्टोबॅसिलस दिले होते, तोंडावाटे आणि योनीमार्गातूनही. कँडिडाचा त्रास काही टळला नाही. तेव्हा नुसत्या लक्षणांवरून स्त्रिया चाचणीत घेतल्या, तर दोन्ही आजारांची खिचडी होणार. स्लाइड तपासायलाच हवी.

आता दुसरी बाजू. 2020 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतली एक चाचणी आली. बॅक्टेरियल व्हजायनोसिस झालेल्या 228 जणींना आधी मेट्रोनिडॅझोल जेल दिलं. मग 152 जणींना लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटसचा सीटीव्ही-05 हा स्ट्रेन योनीमार्गातून 11 आठवडे, आणि 76 जणींना प्लासिबो. बाराव्या आठवड्यापर्यंत आजार उलटला तो 30 टक्के आणि 45 टक्के जणींमध्ये.

इथे जरा थांबा. प्लासिबो गटातल्या निम्म्याहून जास्त जणींना त्या काळात आजार उलटलाच नाही! तुलनेचा गट नसता, तर त्या सगळ्या ‘प्रोबायोटिकने बऱ्या झाल्या’ म्हणून मोजल्या गेल्या असत्या. फरक 15 टक्क्यांचा, म्हणजे साधारण सात जणींना दिल्यावर एकीचा आजार उलटणं टळतं. उपाय संपल्यानंतरही, चोविसाव्या आठवड्यापर्यंत, आकडे 39 आणि 54 होते, फरक टिकला. मला हे निकाल आश्वासक वाटतात, पण चमत्कार नाही.

‘मग दही खाल्लं तर?’ हा प्रश्न हमखास येतो. दह्यातले जिवाणू दूध आंबवण्यात पटाईत. क्रिस्पॅटस हा त्यांच्यातला नव्हे, आणि ही चाचणी खाण्याची नव्हतीच. दही जरूर खा, पण हा निष्कर्ष त्याला चिकटवू नका. (आणि दही योनीमार्गात लावण्याचे घरगुती प्रयोग तर नकोतच.) औषधाच्या दुकानातल्या कॅप्सूलचंही तेच. डबीवर नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ असेल आणि पुढे स्ट्रेनचा क्रमांक नसेल, तर ती कुठल्या चाचणीशी ताडून बघायची तेच कळत नाही.